शैलाची वाटी

११ फेब्रुवारी १९७६
आमच्या शैलाची मुलगी, माझी नात, आज पाच दिवसांची. सातव्या महिन्यातच आली. इस्पितळात, काचेच्या पेटीत. घरी सौ.ने पाचवी पूजली. सटवाईला नशीब लिहायला कोरा कागद आणि माझं पेन. पेटीतल्या पोरीचा पत्ता सटवाईला कळवलाय का, विचारलं. सौ. म्हणाली, तुमच्या पेपराआधी तिला कळतं.

१५ फेब्रु.
पोट फुगलं. शी रक्ताची. डॉ. म्हणाले, आतड्याला सूज. दिवस भरायच्या आत आलेल्यांना होते. आतडं काळं पडत गेलं तर... वाक्य त्यांनीच सोडलं. तोंडाने थेंबही नाही, फक्त सलाईन.

१७ फेब्रु.
शै. दर तीन तासांनी वाटीत दूध काढते. देता येत नाही, म्हणून आवारातल्या कडुनिंबाच्या मुळाशी ओतते. आईचं दूध मोरीत ओतत नाहीत. करमाळ्याहून विहीणबाई, शै.च्या सासूबाई, आल्यात. छाती बांधून घे, जीव लावू नकोस, म्हणाल्या. शै. आवाज न चढवता, "आत्याबाई, डॉक्टरांनी तिचं तोंड बंद केलंय. माझं दूध नाही बंद केलं." मैंदर्गीची गंगव्वा, वॉर्डातली आया, फरशी पुसता पुसता म्हणाली, "आटवू नगा बाई. उद्या मागंल की ती."

१९ फेब्रु.
पोट तेवढंच. सौ. पाचवीचा तो कागद घेऊन रडत बसलेली. म्हणे, लिहिलंय तेच होणार. कागद कोराच होता. तीस वर्षं पेपरात कोऱ्या जागा भरतोय. छपाईला जाईपर्यंत मजकूर बदलता येतो, एवढं कळतं. त्याच कागदावर लिहिलं, 'मुलगी जेवेल.' खाली सही. सौ. म्हणाली, पाप लागेल. लागू दे.

२६ फेब्रु.
पोट उतरलंय. डॉ. हात राखूनच बोलतात. नळीतून एक चमचा देऊन बघू, शै.चंच दूध. पुन्हा फुगलं तर पोट उघडावं लागेल, आणि एवढ्याशा जिवाला ते...
चारला दिलं. सहाला पोट मोजणार. पहिलं पान माझ्याकडे; कार्यालयात निरोप धाडला, आज दुसऱ्याने लावा.
उरलेलं दूध कडुनिंबाला ओतायला गंगव्वाने वाटी उचलली. शै.ने तिचा हात धरला.
"थांबा. तिने पुन्हा मागितलं तर?"