बिशपचा झगा

४ डिसेंबर २०२४, आंधळगाव
सामान उतरवलं तोच विणकराच्या घरच्या रीनाने पोह्यांची बशी पुढे केली. तर्री अशी की डोळ्यांत पाणी आलं. विणकामाच्या खोलीत ऊन छान येतं. चाळिशीनंतर मनासारखं काम मिळालं, जुनी वस्त्रं दुरुस्त करून घेण्याचं. इंग्लंडमधल्या एका कॅथीड्रलने जुन्या बिशपचा कोसा रेशमाचा झगा पाठवला आहे. खालचा अर्धा भाग कुजला आहे. तो नव्याने विणायचा. विणणार रीनाच्या सासूबाई, देवकाबाई. त्या म्हणाल्या, आमच्या हातचं नवऱ्या नेसल्या, आता गोरा साहेबही नेसन.

७ डिसेंबर
इथे मागावरच्या उभ्या धाग्यांचा नवा ताणा जुन्या ताण्याच्या टोकांना गाठी मारून जोडतात. मीच सुचवलं, झग्याच्या सुट्या धाग्यांना जोडू. देवकाबाईंचा हात थांबला. कोनाच्या आंगावरचा हाय, बाई? मेल्याचं सूत जित्या मागाले जोडत नाही. मी म्हणाले, कपाटातला आहे. कॅथीड्रलच्या पत्रात मात्र स्पष्ट आहे, फरशी दुरुस्त करताना थडग्यातून काढला. नंतर कपाटातही होताच. मग मी खोटं बोलले का? संध्याकाळपर्यंत देवकाबाईंनी सगळ्या गाठी मारल्या.

१२ डिसेंबर
काल निघताना अकरा इंच विणलं होतं. आज सकाळी पंधरा भरलं. खोलीची किल्ली माझ्याकडेच असते. माझीच मोजण्यात चूक असेल. देवकाबाईंच्या उजव्या हाताला मुंग्या येतात.

१५ डिसेंबर
कापड सपाट राहत नाही. दोन ठिकाणी उंचावतं, गुडघे दुमडून कोणी निजावं तसं. हात ठेवला. गार, ओलसर. देवकाबाईंचा हात कोपरापर्यंत पांढरा पडलाय, तोही तसाच गार. रीनाला म्हणाल्या, थंडी वाजून राहिली, बाकी काही नाही. मग माझ्याकडे पाहत राहिल्या. आज सांगायला हवं होतं.

१८ डिसेंबर
देवकाबाई गेल्या. भर दुपारी, मागावर बसल्या बसल्या. आडवा धागा नेणारा धोटा मुठीतून सुटेना. त्याआधी मला एकदाच विचारलं, कपाटातलाच ना, बाई? मी मान हलवली.

२५ डिसेंबर
माग बंद आहे. कापड वाढतंय. टाचा दिसतात —

३१ डिसेंबर
काल तेरवी झाली. सासूचं काम अर्धं नाही ठेवायचं म्हणून रीना आजच मागावर बसणार. सकाळपासून गाठी कापतेय. कापलेल्या पुन्हा बांधलेल्या — उजवा हात गेला. डाव्याने लिहितेय.

रीना आली. पदर खोचतेय. विचारते, कोनाच्या आंगावरचा होता, बाई? सांगते — जीभ हलत नाही. वही तिच्यापुढे धरीन —

रीना, बसू नको. हा झगा थड