कंदाचा माथा

निशांतदादा,

आणि हो, जळते मी तुझ्यावर. खारघरच्या डोंगरावर बुधीमावशींकडून रानातले कंद खणायला शिकायचं म्हणून मी दोन वर्षं जातेय, नोट्स काढतेय. तू पहिल्यांदाच आलास आणि त्यांनी तुला डायरेक्ट स्वतःची पहार दिली! मला अजून पिशवीच धरायला देतात.

"माथा परत मातीत पूर, पोरा, पुढच्या साली वेल येल," त्या म्हणाल्या. तू तो लगेच पुरलास. "याला कळतं!"

तुम्ही पुढे गेल्यावर रागात मी एक कंद माथ्यासकट उपटला. आता तो कामोठ्यात माझ्या बॅगेत आहे. सांगितलं तर मावशी मला परत नेणार नाहीत. गपचूप पुरून येऊ की सांगू? तू काय केलं असतंस?

क्षिप्रा