ऋत्वासाठी घेतलेले रंग

वडोदरा, रविवार

पूज्य कुमुदफोई,

तरुलताचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे आता बरे असतील आणि भावनगरला लोणच्याच्या कैऱ्या उतरल्या असतील असं धरून चालते. (इथल्या कैऱ्यांना यंदा आंबटपणाच नाही. बा, तुमच्या वहिनी, म्हणतात, कैऱ्यासुद्धा आता मुळमुळीत झाल्या.) आमच्याकडे सगळे खुशाल आहेत, फक्त बैठकीची खोली सोडून. तिचं पुढे सांगते.

तुम्ही सांगितलंत, तुमच्या मौलिकसाठी पाहिलेली ऋत्वा इथे चित्रकलेच्या कॉलेजात शिकते, तिचं हो-नाही अजून यायचंय, तर तिला चांगल्यातले रंग, ब्रश आणि कागद घेऊन द्या. इथवर ठीक होतं. पण वर म्हणालात, "दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नका, वापरून बघा आणि मगच द्या." फोई, आत्या असून तुम्ही हे तुमच्या भाच्यांना, म्हणजे आमच्या यांना, सांगायला नको होतं. सगळा जन्म मांडवीच्या बाजारात चादरी विकण्यात गेलेला माणूस. त्यांना वस्तू पारखायची एकच रीत ठाऊक. दुकानदाराने ब्रश दाखवला, म्हणाला, अस्सल केसांचा आहे, इथला सगळ्यात उत्तम. यांनी घरी येऊन त्यातले चार केस कात्रीने कापले आणि देवघरातल्या दिव्यावर धरले. सुताची भेसळ अशीच ओळखतात म्हणे. घरभर केस जळल्याचा वास सुटला, तेव्हा कुठे यांचं समाधान झालं. "माल चोख आहे," म्हणाले. चोख खरा, पण ब्रशाला एका बाजूने टक्कल पडलं ना.

मग कागद. तो निव्वळ कापसाचा असतो हे कळल्यावर तर ते माहेरी आल्यासारखे खुलले. धुतल्यावर आटतो का बघायला त्यांनी कागद बादलीत बुडवला आणि माझ्या साड्यांशेजारी दोरीवर वाळत घातला. (आटला नाही. शेजारच्या दमयंतीबेननी विचारलं, एवढे मोठे पापड कसले घातलेत?) डब्यात एक मऊ, पिठाच्या गोळ्यासारखं खोडरबर होतं. ते बांच्या हाती लागलं. त्या टीव्हीवर कथा ऐकताना ते मळत बसतात आणि आखडलेली बोटं सुटली म्हणतात. आता मागितलं की पदराखाली घेतात.

रंग उरले होते, तेवढे तरी वाचवावेत म्हणून मी डबा कपाटात टाकला. पण कपाटाची किल्ली यांच्याचकडे. एका सकाळी उठून बघते तर तुमचे भाचे जमिनीवर पालथे पडून टोपलीतल्या आंब्याचं चित्र काढताहेत. मी म्हटलं, पोपट छान आलाय. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. त्यानंतर दुकान उशिरा उघडायला लागलं आणि लवकर बंद व्हायला लागलं. गिऱ्हाइकाने निळी चादर मागितली की विचारायचे, कुठली निळी, सकाळची की संध्याकाळची? गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जायचं. सोफ्यावर चित्राच्या कोळशाचे हात, पडद्यावर पिवळा, आणि वरणात एकदा काहीतरी जांभळं. मी विचारलं नाही, ओतून दिलं.

अशात परवा दुपारी दारात ऋत्वा उभी. मी तिला फोटोवरून ओळखलं. हातात मिठाईचा पुडा, नजर खाली. नकार द्यायला माणूस कसा येतो, हे मला न सांगताच कळतं. पण ती तोंड उघडायच्या आत आतून हे ओरडले, "कोण आलंय ते नंतर बघ, आधी सांग, सावली काळीच करायची ना?"

ती आत गेली. "काळी कशाला काका? आंब्याची सावली आहे, थोडी आंब्याची असू द्या की." आणि बसली बाजूला मांडी घालून. टकल्या ब्रशाने तिने सावलीत जरासा निळा, जरासा तांबूस फिरवला, आणि फोई, खोटं नाही सांगत, पोपटाचा आंबा झाला. हे कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. इतक्या वर्षांत माझ्याकडे असे बघितलेले आठवत नाहीत. मुलगी रात्री डाळढोकळी खाऊनच गेली.

भांडी आवरताना मात्र तिने मनातलं सांगितलं. "काकी, मी नाही म्हणायलाच आले होते. मौलिक वाईट नाहीत. पण भेटलो तेव्हा ते सबमर्सिबल पंपांवर जे बोलायला लागले, ते थांबलेच नाहीत. त्यांचा चेहरा कसा आहे, तेसुद्धा मला आठवत नाही."

मी म्हटलं, आणि तो गप्प बसला तर?

ती हसली. "मग चित्र काढेन की त्यांचं. माणूस कसा आहे ते चित्र काढताना कळतं."

तर असं सगळं आहे. बांचे आशीर्वाद. उत्तराची वाट बघते.

तुमची,
तरुलता

ता. क. भेट द्यायला आता काही उरलेलं नाही. नवीन पाठवू नका. इथे पोचलं की पुन्हा पारखलं जाईल.

ता. क. २. मौलिकला येत्या रविवारी पाठवा. खुर्चीत बसायचं, हलायचं नाही, तोंड उघडायचं नाही. ती नकार द्यायला आली होती हे त्याला सांगू नका, नाहीतर त्यावर बोलेल.

ता. क. ३. फोई, रागावू नका, पाया पडून सांगते, त्याला एकट्यालाच पाठवा. त्याचा स्वभाव कुणावर गेलाय, हे मुलीला लग्नानंतर कळलं तरी चालेल.