चौथी रेघ नसते

हात जरा वर धर, आई, असं म्हणून मी तुझ्या छातीभोवती टेप फिरवली, तर तिचं टोक केवढं तरी पुढे निघून गेलं. अर्ध्या गल्लीची पोलकी तू शिवलीस. तुझं माप घ्यायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती. तू खाटेवर टेकून बसलेली, मांडीवर खण. गिरणीचा दुपारचा भोंगा होऊन गेला होता.

"किती आलं गं?"

"सव्वाएकोणतीस."

मी खणाच्या उलट बाजूवर खडूनं लिहिलं, २९.२५. कॉलेजात गणित घेतलं होतं मी. तू हसलीस, मग बराच वेळ खोकलीस.

"पूस त्यो ठिपका. खडूचा ठिपका, झटकला की गेला. मग एकोणतीसशे पंचवीसचं पोलकं कुनाला घालतीस? म्हशीला?"

मी पुसलं. तुझ्या रीतीनं लिहिलं: एकोणतीस, पुढे एक उभी रेघ, म्हणजे पाव. दोन रेघा म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. तू खडू घेतलास. माझ्या रेघेशेजारी एक रेघ ओढलीस. थांबलीस. आणखी एक ओढलीस.

"आई, माप सव्वा आलंय."

"आज आलंय. दुष्काळात ती रेशनची लाल मिलो ज्वारी खाऊन कोन भरतंय? दोन महिनं आपली ज्वारी खाऊ दे की."

डॉक्टर माझ्याशी दाराबाहेर बोलले होते. तुला त्यांनी सांगितलं नव्हतं, मीही नाही. ठिपक्याच्या मापात वाढायचं तर आधीचा आकडा पुसावा लागतो. तुझ्या रेघांत माणूस काही न पुसता भरत जातो. मी म्हटलं, "अजून एक ओढ की."

"येडी का काय? चौथी रेघ नसती. चौथीला तीस करावं लागतंय."

खडू नवावर टेकवलेला तुझा हात मला दिसतो आहे. तू तो आकडा मोडत नाहीस. खडू माझ्याकडे देतेस आणि भिंतीकडे तोंड करून आडवी होतेस. तुला ठाऊक आहे, हे मला तेव्हा कळतं.

पुढे मी शाळेत दशांश अपूर्णांक शिकवले, निवृत्त होईपर्यंत. मुलांना तुझ्या रेघा कधी दाखवल्या नाहीत. फळ्याकडे वळले तरी हात तिकडे जात नसे. हे पत्र कुठे टाकणार? एवढंच लिहायचं होतं, की तू वळल्यावर मी खणावर तीस लिहून पाहिलं आणि तळहातानं पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुला उठून बसता आलं नाही. मी तुझ्या रेघांप्रमाणे खण कापला.