काठावरच्या बायकांमधली एक

४ जून

आज पुन्हा नाट्यगृहाच्या मागच्या पायरीवर बसले. ताईला उशिराचं कारण सांगितलं, एक्स-रेचं मशीन अडून बसलं होतं. धडधडीत खोटं! आणि तिला ते खरंही वाटलं. वाईट वाटलं — पण थोडंच.

दवाखान्यातल्या आमच्या एक्स-रे खोलीची मागची खिडकी त्या पायऱ्यांवर उघडते. माझी ड्यूटी संपता संपता तिकडे तालीम सुरू होते. संगीत नाटक बसवतायत. आधी नुसती पेटी, मग एक बाई, मग दहा-बारा जणी एकदम. एकटी गाणारी बाई छानच गाते. पण त्या सगळ्याजणी सुरू झाल्या की मला जागचं उठवत नाही. कुणाचा आवाज कुठला, कळतच नाही! किती बरं असेल तसं.

७ जून

आज दिवसभरात माणसांशी बोलले ते एवढंच — 'श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा.' बाकीचं सगळं ताई बोलते. दुकानात, घरमालकाशी. माझ्या रजेचं आमच्या साहेबांशीसुद्धा तीच बोलते! मी आपली शेजारी उभी, मिठाची गुळणी धरून.

१२ जून

पकडले गेले. पेटीवाले मास्तर खोकत खोकत बाहेर आले. 'कुणाची वाट बघताय?' मी पिशवी उचलून छातीशी धरली. 'पायरी गार आहे हो. आत बसा. आत कुणी खात नाही.'

मी उठले आणि जी सुटले ती थेट कोपऱ्यापर्यंत. चाळिशीची बाई, लहान पोरीसारखी पळाले. लाज वाटते लिहायलाही.

१३ जून

आत बसले. शेवटच्या रांगेत, खांबाआड.

२२ जून

हल्ली खांब सोडून पुढच्या रांगेत बसते. नाटक आता नीट कळलं. नदीकाठचं गाव. नावाडी पुरात अडकलेत आणि त्यांच्या बायका रात्रभर काठावर उभ्या आहेत. त्या म्हणतात —

दिवा नका गं विझवू
नाव अजून यायची आहे...

सकाळी काम करता करता ही ओळ तोंडातून बाहेर पडली. तीही मोठ्यानं! छातीचा एक्स-रे काढायला उभे असलेले आजोबा मान न हलवता म्हणाले, 'बाई, हे धरून ठेवायचं की सोडायचं?'

हसले. पेशंटसमोर पहिल्यांदाच.

३ जुलै

काठावरच्या बायकांमधल्या एकीची नोकरीत बदली झाली, ती गाव सोडून गेली. मास्तर सरळ माझ्यासमोर येऊन उभे. 'तुम्हाला सगळं पाठ आहे. ओठ हलतात तुमचे. पेटीवरून दिसतं मला.'

नाही म्हणायलासुद्धा आवाज लागतो. तो निघाला नाही. म्हणून उभी राहिले.

डावीकडे बँकेतली ठेंगणी, उजवीकडे एक शिलाईवाली. पहिली ओळ नुसते ओठ हलवले. दुसरीला आवाज आला. माझाच. दोघींच्या आवाजांत असा मिसळला की मलाही वेगळा सापडेना. घरी येताना दोनदा रस्ता चुकले.

९ जुलै

ताईला सांगून टाकलं. जेवता जेवता. तिचा हात तसाच राहिला. 'तू? लोकांसमोर?' मग हळूच — 'चौथीतलं विसरलीस?'

कशी विसरेन? शाळेच्या कार्यक्रमात कविता म्हणायला उभी राहिले होते. शब्द आले नाहीत. फ्रॉक मात्र ओला झाला. सगळं सभागृह हसलं. ताई धावत वर आली, स्वतःचा स्वेटर माझ्या कमरेला बांधला आणि हाताला धरून घरी घेऊन आली. वाटेत भेटेल त्याला तीच उत्तरं देत होती. आजतागायत देते आहे.

'तुझ्या भल्यासाठीच बोलते गं,' म्हणाली. ते खरंच आहे. म्हणूनच काही बोलता येत नाही.

२१ जुलै

मास्तरांनी दोन ओळी दिल्या. एकटीनं म्हणायच्या!! पहाट होते, बाकीच्या बायका खाली बसतात, एकच उभी राहते — ती मी.

'घाबरलात?'

'हो.'

'मीही घाबरतो. पेटीमागे दिसत नाही एवढंच.'

२८ जुलै

ताप. पडून आहे. ताई कपाळावर पट्ट्या ठेवते, पेज भरवते. तालमीचं अवाक्षर नाही.

१ ऑगस्ट

ताप उतरला म्हणून आज गेले. दारातूनच ऐकलं. माझ्या दोन ओळी बँकेतली ठेंगणी म्हणत होती.

सगळ्याजणी इकडेतिकडे बघायला लागल्या. मास्तर उठून आले. 'तुमच्या ताईंचा फोन आला होता. म्हणाल्या, तिला झेपत नाहीये, पण सांगायला लाजते. सोडतेय ती.'

कान तापले. मग एक आवाज आला — 'ते मी म्हटलेलं नाही.' एवढा मोठा की ठेंगणी गायची थांबली. मीच बोलले होते.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. 'चूक माझीही आहे. तुम्हाला विचारायला हवं होतं. पण आता तिला दिल्यात हो. पोरगी आनंदानं वेडी झालीय. तिच्याकडून कशा काढून घेऊ?'

नाही घेता येणार. मला कळत होतं. रडूही येत होतं.

'जागा आहे तुमची,' ते म्हणाले. 'काठावर.'

जाऊन उभी राहिले.

त्याच दिवशी, संध्याकाळी

ताई भाजी निवडत होती. मी चप्पलही काढली नाही. 'फोन का केलास?'

'तापात बडबडत होतीस. नको नको म्हणत होतीस.'

'तापात! शुद्धीवर आल्यावर विचारायचं होतंस.'

'उद्या तिथं उभी राहून तुझी वाचा बसली असती तर? कोण आलं असतं धावत?'

'कुणी नाही. बसली असती तर बसली असती!'

ताईवर मी कधी आवाज चढवला नव्हता. ती माझ्याकडे बघतच राहिली, कुणी परकी बाई घरात शिरल्यासारखी. मग म्हणाली, 'तुला माझ्यावाचून जमत होतं, तर मग मी इतकी वर्षं —' आणि थांबली. भाजी तशीच टाकून आत गेली. दार लावून घेतलं.

एवढा राग कशाचा? चूक तर तिची.

१० ऑगस्ट

घरात दोघी. बोलणं कामापुरतं. साहेबांकडे रजा मीच मागितली. त्यांनी आधी माझ्या मागे बघितलं, ताई आलीय का म्हणून!

२४ ऑगस्ट

प्रयोगाचा पास ताईच्या उशीजवळ ठेवला.

२५ ऑगस्ट

झाला प्रयोग!

पडदा वर गेला तेव्हा समोर नुसता काळोख. हजार माणसं असतील, पण दिसत एकही नाही. हे कुणी आधी का नाही सांगितलं? शिलाईवालीनं माझं बोट घट्ट धरलं होतं. म्हणजे तीसुद्धा! गायले. सगळं गायले. ठेंगणीच्या दोन ओळी आल्या तेव्हा मीही त्या मनात म्हणत होते, पण तिनं म्हटल्या सुरेख. खोटं कशाला बोलू?

शेवटी सभागृहातले दिवे लागले. तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची रिकामी होती. टाळ्या वाजत होत्या आणि मी त्या खुर्चीकडेच बघत होते. एवढंही नाही जमलं तुला, ताई?

२६ ऑगस्ट

सकाळी ताईनं चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसली. 'काल निघाले होते तुझ्याकडेच. वाटेत वळले. त्यांच्याकडे गेले.'

कुणाकडे, मला कळेना. ताई शिकवते त्या शाळेतले चित्रकलेचे सर. फार वर्षांपूर्वी त्यांनी तिला मागणी घातली होती. हिनं सांगितलं, माझ्या बहिणीला माझ्याशिवाय बोलायला कुणी नाही. मला कधी कळूही दिलं नाही. ते एकटेच राहिले. काल ही जाऊन 'हो' म्हणून आली.

'तुझं जमेल ना गं एकटीचं?' तिनं विचारलं.

'जमेल,' मी म्हटलं. मग तिला माझ्याकडे बघवेना, आणि मला तिच्याकडे.