रूथची प्रार्थना

धुळे, झावळ्यांचा रविवार, संध्याकाळ

पाळकसाहेब आज आध्यात्मिक वाढीवर बोलले. म्हणे, विश्वासात दरवर्षी वाढलं पाहिजे. मी काय मेथी आहे? त्याच तणतणीत चर्चमध्ये आज सगळ्यांना वाटलेली झावळी घेऊन नणंदेकडे गेले. रूथ आता अंथरुणातून उठत नाही. डॉक्टरांनी हात टेकले आहेत.

"वहिनी, आज तुम्ही प्रार्थना करा," ती म्हणाली.

मी कॉन्व्हेंटमधली इंग्रजी प्रार्थना घडाघडा म्हटली.

"ही तर पाठ केलेली. मला भीती वाटते, ते प्रभूला सांगा ना."

एरवी सगळ्या गावाला सुनावणारी मी, झावळीच्या चिंध्या करत बसले. शेवटी तिनेच डोळे मिटले. "प्रभू, वहिनींना तुझ्याशी बोलायला शिकव. भांडायला नको, ते येतं त्यांना."

घरी येऊन एकटीने म्हणून पाहिलं. 'प्रभू, रूथला...' आणि पुढे नुसता राग. तिलाच का? पदराला अजून झावळीचे तुकडे चिकटलेले. एवढा राग घेऊन प्रार्थनेला बसलं तर चालतं का? कुणाला विचारू? असलं काही विचारायचं तर आजवर मी रूथलाच विचारत आले.