किती कापू, हे न विचारता

प्रिय ताई,

फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस, असं लिहिणार होते. पण रागवायचंच असेल तर खुशाल रागाव. आपल्या दोघींत रागवायचा हक्क तुझा एकटीचाच, असं मी लहानपणापासून उगाच मानत आले.

इकडे बरं चाललंय. खोली चिमुकली आहे, खिडकी मात्र ऐसपैस. दुकानात मालकांनी परत घेतलं. चष्म्याच्या काड्या वाकवून लोकांच्या कानांवर नीट बसवायच्या, तेच जुनं काम. याच काउंटरवर तो पहिल्यांदा आला होता. दुरुस्त केलेला चष्मा लावून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. पस्तिशी ओलांडलेल्या, चारचौघींसारख्या बाईला पाहून कुणाचे डोळे भरले नव्हते गं आजवर. मी तिथेच विरघळले. तुला विचारलं, तर म्हणालीस, 'माझ्या पार्लरमध्ये येणं-जाणं होतं त्या दोघांचं. बायको बिचारी तळ्यात होडी उलटून गेली. हिरा आहे, हातचा घालवू नकोस.'

मग त्याच्याकडून राखाडी कोट आला, सपाट चपला आल्या. मोठ्याने हसू नकोस, हळू चाल. मला वाटायचं, आपली इतकी काळजी कुणी कधी केली? लग्नाच्या आदल्या आठवड्यात तो मला तुझ्याकडे घेऊन आला. कमरेपर्यंतचे केस मानेवर आले. तो मागे बसून आरशात बघत होता आणि तुझी कात्री सरसर चालत होती. मला वाटलं, बहिणीचा हात आहे, म्हणून इतका सराईत.

लग्नानंतर वर्षभराने त्याच्या पहिल्या बायकोचे वडील घरी आले. दार मी उघडलं. म्हातारा माणूस भिंतीला धरून खाली पायरीवरच बसला. मी पाणी दिलं. त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, 'बाळ, तो कोट काढ. माझी मुलगी गेली. तिला जाऊ दे.' खिशातून त्यांनी तिचा फोटो काढला. ताई, फोटोत मी होते.

पण त्यांनी दुसराही फोटो दाखवला, तिच्या लग्नाआधीचा. त्यात लांबसडक वेणी आणि खदखदून हसणारी पोरगी. 'त्यानेच तिला अशी करून टाकली,' ते म्हणाले. 'जगभर सांगत फिरतो, आमच्यासारखं प्रेम कुणी केलं नाही. होडी उलटली त्या दिवशी ती त्याला सोडून निघाली होती. पलीकडच्या काठावर मी उभा होतो तिला घ्यायला.' आणि उठताना सहज म्हणाले, 'केस तुझ्या बहिणीनेच कापले होते तिचेही.'

तेव्हा मला आठवलं. त्या दिवशी तू एकदाही विचारलं नव्हतंस, किती कापू म्हणून.

त्याला जाब विचारला तर तो लाजला नाही, चिडलाही नाही. प्रेमाने म्हणाला, 'तू गेलीच नव्हतीस. आता तळ्यावर जाऊ, म्हणजे तुझी भीती मोडेल.' मला नव्हे, तो तिला सांगत होता. मी होते त्या कपड्यांनिशी बाहेर पडले, ती थेट तुझ्याकडे आले. तू दार उघडलंस आणि पहिलं वाक्य काय बोललीस? 'अगं, पण जीव लावतो ना तुला?' त्याचं काय, तो वेडाच. तू तर शहाणी होतीस. माझं लग्न जमावं म्हणून तू मला मेलेल्या बाईच्या मापाने कापलंस, आणि त्याला माझं भलं म्हणालीस.

हे सगळं गिळून मी गप्प बसले असते. पण काल दुकानात एक मुलगी आली. अंगावर राखाडी कोट. मी चष्मा बसवत असताना ती काहीतरी आठवून मोठ्याने हसली आणि पटकन तोंडावर हात ठेवला. 'त्यांना आवडत नाही,' म्हणाली. मी सगळं सांगितलं. तिला वाटलं, टाकलेली बायको जळतेय. तिचं काय चुकलं? मलाही तसंच वाटलं असतं. जाताना म्हणाली, रविवारी केस कापायला जायचंय, त्यांच्या ओळखीच्या बाईंकडे. ताई, माझं तिने ऐकलं नाही, तुझं ऐकेल. तो मागे बसलेला असेल, तरी त्याच्यादेखत सांग. एवढं केलंस म्हणून मी तुला माफ करीन, असं समजू नकोस. तरीही सांग.

कितीही झालं तरी तुझीच,
धाकटी